आजीची साक्ष

नव्या करारातील सत्तावीस पुस्तकांत ‘आजी’ ह्या अर्थाचा ग्रीक शब्द एकदाच आला आहे. पौलाने तरुण तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच तो आढळतो. तीमथ्याचा पिता ग्रीक, माता यहूदी, राहणे आशिया मायनरमधील लुस्त्र गावी. त्याच्या विश्वासाचे मूळ सांगताना पौल प्रथम आजी लोईस हिचे नाव घेतो, नंतर आई युनीके हिचे. पित्याचा तेथे उल्लेखही नाही. लोईसविषयी ह्याहून अधिक माहिती त्या ग्रंथात मिळत नाही. तथापि, पावणेतीनशे वर्षांनंतर त्याच आशिया मायनरच्या उत्तर भागात दुसरी एक आजी होऊन गेली आणि तिच्याविषयी तिच्या नातवाने स्वतःच लिहून ठेवले आहे. तिचे नाव माक्रीना.

काळ्या समुद्राच्या दक्षिणेस पाँटस नावाचा डोंगराळ प्रांत होता. त्यातील निओकैसरिया हे माक्रीनेचे नगर. आजच्या तुर्कस्तानातील निक्सार ते हेच. ग्रेगरी नावाचा बिशप तेथे होऊन गेला होता. तो आला तेव्हा नगरात सतराच ख्रिस्ती होते आणि सुमारे २७० साली तो वारला तेव्हा सतराच लोक ख्रिस्ती व्हावयाचे राहिले होते, अशी आख्यायिका आहे. आकड्यांचा हा मेळ कथेकऱ्यांनी घातला असावा, हे उघड आहे. परंतु त्या पुरुषाची छाप नगरावर खोल उमटली होती, ह्यात संशय नाही. त्याची वचने लोकांनी तोंडपाठ जतन केली आणि वडीलधाऱ्यांच्या मुखातून ती माक्रीनेपर्यंत पोहोचली.

३०३ साली सम्राट डायोक्लिशनने ख्रिस्ती लोकांविरुद्ध फर्मान काढले. मंदिरे पाडावी, धर्मग्रंथ जाळावे, अशी त्यात आज्ञा होती. पुढील फर्माने ह्याहून कठोर निघाली. त्या छळात माक्रीना आणि तिचा पती ह्यांनी घरदार सोडले आणि मोजक्या सोबत्यांसह पाँटसच्या अरण्यांचा आश्रय घेतला. तेथे त्यांनी सुमारे सात वर्षे काढली. कुटुंबाची मालमत्ता सरकारजमा झाली. बासिलचा मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, ह्याने मित्राच्या स्मरणार्थ केलेल्या भाषणात हा प्रसंग रंगवून सांगितला आहे. त्यात भुकेल्या निर्वासितांकडे हरणे आपण होऊन चालत आली, असेही वर्णन आहे. वक्तृत्वाचा हा बहर थोडा बाजूस ठेवावा. सुखवस्तू घरातील माणसांनी थंडी, पाऊस आणि उपासमार सोसली, एवढे पुरेसे आहे. ३१३ सालच्या सुमारास छळ थांबला आणि मंडळी घरी परतली.

माक्रीनेचा पुत्र पुढे वक्तृत्वशास्त्राचा नामांकित शिक्षक झाला. त्याची पत्नी एमेलिया. तिच्याही घराण्याने छळाच्या काळात रक्त दिले होते. ह्या दांपत्याच्या मोठ्या परिवारात सुमारे ३३० साली बासिल जन्मला. प्रकृतीने हे मूल नाजूक. पाँटसमधील खेड्यात, आयरिस नदीच्या परिसरात, त्याचे बालपण आजीच्या छायेत गेले आणि ग्रेगरीची ती तोंडपाठ वचने तिने नातवाला शिकविली. पुढे कैसरिया, कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स असे विद्येचे मोठमोठे बाजार बासिलने पाहिले. ३७० साली तो कप्पदुकियातील कैसरियाचा बिशप झाला. त्या नगराबाहेर त्याने रोगी आणि निराश्रित ह्यांच्यासाठी जे विस्तीर्ण आश्रयस्थान उभारले, ते त्याच्या नावाने प्रसिद्ध झाले.

परंतु ३७५ च्या सुमारास आजीचेच नगर त्याच्यावर उलटले. त्याची शिकवण भ्रष्ट आहे, स्तोत्रे गाण्याची त्याची रीत महान ग्रेगरीच्या वेळी नव्हती, असे आक्षेप निघाले. बासिल त्या बाजूस गेला तर नगरात खळबळ उडे. सम्राट व्हॅलेन्सचे वजन विरुद्ध पक्षाच्या पारड्यात असता आपल्याच माणसांनी पाठ फिरवावी, हे त्याला फार लागले. त्याने निओकैसरियाच्या लोकांस पत्र लिहिले. अथेन्समध्ये शिकलेल्या ह्या पंडिताने आपल्या शुद्ध श्रद्धेचा पुरावा म्हणून कोणते नाव पुढे करावे? त्याने सांगितले की, आपणास वाढविणारी आजी ह्याच नगरातली. ग्रेगरीचे शब्द तिनेच आपणास दिले आणि बालवयात धर्माचे वळण लावले. ह्याहून स्पष्ट प्रमाण कोणते हवे, असा त्याचा प्रश्न होता.

त्या पत्रात एक गोष्ट मात्र नाही. अरण्यातील सात वर्षांचा त्यात उल्लेख नाही. विरोधकांचे तोंड बंद करावयास तो प्रसंग किती उपयोगी पडला असता! त्याची माहिती मिळते ती मित्राच्या भाषणातून. ह्यावरून असे वाटते की, नातवाला जवळ घेऊन बसणाऱ्या त्या वृद्धेने आपल्या हालअपेष्टांची कहाणी फारशी आळवली नसावी. दुसऱ्याकडून मिळालेली ठेव तेवढी तिने त्याच्या हवाली केली. तिच्या हातचे एकही अक्षर आज उपलब्ध नाही.

बासिलच्या थोरल्या बहिणीचे नाव आजीवरूनच माक्रीना ठेविले होते. ती अविवाहित राहिली आणि आयरिसकाठच्या कौटुंबिक वाडीत तिने स्त्रियांचे एक व्रतस्थ घर चालविले. दुष्काळात रस्त्यांवर टाकून दिलेल्या मुली तिने उचलून आणल्या आणि वाढविल्या. ती वारली तेव्हा तिचा धाकटा भाऊ, निस्साचा ग्रेगरी, जवळ होता. त्याने तिच्या चरित्रात नमूद केले आहे की, सर्वांत मोठा आक्रोश त्या मुलींचा होता आणि त्या तिला आई म्हणून हाका मारीत होत्या.