खोल्या, खानावळी आणि गावकी

लोणीचं नाव निघालं की बाहेरचा माणूस साखर कारखान्याविषयी बोलतो. ते बरोबरच आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५०-५१च्या हंगामात प्रवरानगरला धुराडं पेटलं. भंडारदऱ्याचं पाणी होतंच, त्यावर आमची शेती उसाची झाली. पण आमच्या घराघरातला पैसा बदलला तो १९८३ नंतर.

त्या साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. त्यांनी विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी केली. लोणीला त्याच वर्षी इंजिनिअरिंगचं कॉलेज आलं, पुढच्या वर्षी मेडिकल. मग आजूबाजूच्या गावांत परमुलखातली पोरं दिसू लागली. बिहारची, उत्तर प्रदेशची, दिल्लीकडची.

तोवर भाडं हा शब्द आम्हाला बैलगाडीचा नि ट्रॅक्टरचा माहीत. खोलीचं भाडं कुणी घेतलं नव्हतं. माझ्या चुलतभावानं बैल बाहेर बांधले, गोठ्याला गिलावा केला, वर नवे पत्रे टाकले आणि चार कॉट मांडले. लोक हसले. पण उसाचा पहिला हप्ता कधी, दुसरा कधी आणि शेवटचा दिवाळीला का होईना मिळेल का, हा घोर ज्याला ठाऊक आहे त्यालाच महिन्याच्या दहा तारखेला हातात पडणाऱ्या रोकड्याची किंमत कळते. दोन वर्षांत हसणाऱ्यांनीही गोठे रिकामे केले.

खानावळी बायांनी काढल्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण उसाचं बिल बाप्याच्या नावावर, पण डब्याचा पैसा बाईच्या लुगड्याच्या गाठीला. त्या पोरांना भाकरी गिळेना, आमचं तिखट सोसेना. बाया राजमा शिकल्या, आलूचे पराठे शिकल्या, मोडकंतोडकं हिंदी शिकल्या. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, ते म्हणजे खाडे. पोरगं दोन दिवस जेवलं नाही की पैसे कापा म्हणायचं. शेवटी बायांनी आपसात ठरवलं, सलग चार दिवस गावाला गेलं तरच खाडा धरायचा. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण सगळ्या गल्लीत चालला.

गावकीत खरी ठिणगी पडली पाण्यावरून. पाच माणसांच्या घराला जेवढी पाणीपट्टी, तेवढीच वीस पोरं ठेवणाऱ्याला. नळ मात्र एकच आणि त्याला मोटर लावलेली! खालच्या आळीत हंडे रिकामे राहायचे. ग्रामसभेत हा विषय दरसाल निघायचा नि दरसाल पुढच्या सभेवर जायचा, कारण निम्म्या मेंबरांच्याच खोल्या होत्या. एकानं तर सांगितलं, "पोरांचं इथं मत नाही, त्यांच्यासाठी पाणी कशाला मोजायचं?" खालच्या आळीतला एक म्हातारा उठून म्हणाला, "मत नाही बाबा, पण तहान आहे ना? आन् भाडं कुणाच्या खिशात जातं?"

७३व्या घटनादुरुस्तीनंतर बायांना राखीव जागा आल्या. सुरुवातीला नवरेच कारभार हाकत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पुढं खालच्या आळीतली एक बाई निवडून आली, ती स्वतः डबे करणारी. कोणाकडं किती कॉट आहेत ते तिला तोंडपाठ. कारण जेवायला येणारी पोरंच सांगायची. तिनं ती यादी सभेत वाचून दाखवली. खोल्यांना वेगळी पाणीपट्टी बसली. चुलतभाऊ माझ्याशी महिनाभर बोलला नाही, मी हात वर केला होता म्हणून.

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि आठवड्यात गल्ल्या ओस पडल्या. झेरॉक्सवाला हातगाडीवर भाजी विकू लागला. ज्यांनी कर्ज काढून दुमजली खोल्या बांधल्या होत्या त्यांचे हप्ते थांबले नाहीत. ज्यांच्याकडं चार एकर ऊस उभा होता ते तरले. चुलतभावानं उन्हाळी कांदा खोल्यांत भरला. पोरं परत आली तेव्हा भिंतींना चुना दिला, पण पावसाळ्यात पहिल्या खोलीला अजून वास येतो. तिचं भाडं तो शंभर रुपये कमी घेतो.