कैदी परतले, छावणी उरली

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या रमना रेसकोर्स मैदानावर जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली आणि सुमारे ९३ हजार माणसे भारताच्या ताब्यात आली. आपल्याकडे हा आकडा विजयाचा आकडा म्हणून सांगितला जातो. त्यात सगळेच सैनिक नव्हते. निमलष्करी जवान, पोलीस, मुलकी नोकर आणि त्यांची बायकामुलेही होती. लढाई तेरा दिवसांत संपली. या माणसांना घरी पोचवण्यास मात्र दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

कायदा तसा स्पष्ट होता. प्रत्यक्ष लढाई थांबताच युद्धकैद्यांना विनाविलंब मायदेशी पाठवावे, असे १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे ११८ वे कलम सांगते. पाकिस्तानने याच कलमावर बोट ठेवले. भारताचे उत्तर असे, की शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त फौजांपुढे झाली आहे. तेव्हा बांगलादेशच्या संमतीवाचून कैदी सोडता येणार नाहीत. बांगलादेशशी बोलायचे तर त्याचे अस्तित्व मान्य करणे आले, आणि पाकिस्तान नेमके त्यालाच तयार नव्हते. २ जुलै १९७२ च्या सिमला करारात इंदिरा गांधींनी पश्चिम आघाडीवर जिंकलेली जमीन परत देण्याचे मान्य केले; पूर्वेकडील कैद्यांचा प्रश्न पुढच्या बैठकांवर सोडला गेला. ऑगस्टमध्ये चीनने नकाराधिकार वापरून बांगलादेशचा संयुक्त राष्ट्रांतील प्रवेश रोखला. गाठ अधिकच आवळली.

दुसरीकडे लाखाहून अधिक बंगाली पाकिस्तानात अडकले होते. त्यांत सरकारी नोकर होते, फौजेतले लोक होते, कुटुंबे होती. बांगलादेशने १९५ पाकिस्तानी कैद्यांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवण्याचे जाहीर करताच पाकिस्तानातही काही बंगाल्यांवर खटले भरण्याची भाषा सुरू झाली. मे १९७३ मध्ये पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही गेले. एका बाजूचा कैदी दुसऱ्या बाजूचा ओलीस बनला तो असा.

वाट निघाली ती १७ एप्रिल १९७३ च्या भारत-बांगलादेश संयुक्त निवेदनातून. मान्यतेचा प्रश्न बाजूला ठेवून माणसांचा प्रश्न आधी सोडवू, असा त्याचा आशय होता. कैदी, पाकिस्तानातील बंगाली आणि बांगलादेशातील पाकिस्तानी या तिघांची पाठवणी एकाच वेळी व्हावी, अशी ती योजना होती. २८ ऑगस्टला दिल्लीत पी. एन. हक्सर आणि अझीझ अहमद यांनी करारावर सह्या केल्या आणि सप्टेंबरात पाठवणी सुरू झाली. १९५ जण तेवढे मागे राहिले. २२ फेब्रुवारी १९७४ रोजी लाहोरच्या इस्लामी परिषदेच्या तोंडावर पाकिस्तानने बांगलादेशला मान्यता दिली. ९ एप्रिलला दिल्लीतच कमाल हुसेन, स्वर्णसिंग आणि अझीझ अहमद यांनी त्रिपक्षीय करार केला. बांगलादेशने क्षमाभावाने खटले सोडून दिले. एप्रिलअखेर नियाझी वाघा ओलांडून गेले.

ज्यांच्यावर अत्याचार झाले, त्या बंगाली घरांना ही क्षमा कोणी विचारून दिली नव्हती. हिशेब तिथेही अपुरा राहिला. पण त्याहून अपुरा राहिला तो तिसऱ्या गटाचा. १९४७ च्या सुमारास बिहार आणि आसपासच्या प्रांतांतून हिजरत करून पूर्व पाकिस्तानात गेलेले हे उर्दूभाषक लोक. त्यांच्यातील काहींनी १९७१ मध्ये पाकिस्तानी फौजेला साथ दिली. त्याचा राग सगळ्या समाजावर निघाला. पाच लाखांहून अधिक लोकांनी पाकिस्तानात जाण्यासाठी नावे नोंदवली. पाकिस्तानने मात्र वर्गवारी केली : मूळचे पश्चिम पाकिस्तानचे रहिवासी, केंद्र सरकारचे नोकर, ताटातूट झालेली कुटुंबे, आणि अतिशय अडचणीतली २५ हजार माणसे. या चौकटीत बसले ते गेले. उरलेले ढाक्याच्या मोहम्मदपूरमधील ‘जिनिव्हा कॅम्प’सारख्या छावण्यांत राहिले.

युद्धकैद्याच्या मागे त्याचे सरकार उभे होते; त्याच्या बदल्यात मान्यता मिळवता येत होती, खटले थांबवता येत होते. या लोकांच्या बदल्यात कोणाला काहीच मिळणार नव्हते. १९९३ मध्ये ३२५ जणांना पाकिस्तानी पंजाबात नेले गेले आणि गाडी तिथेच थांबली.

छावणीतच जन्मलेल्या पोरांनी मग वेगळा रस्ता धरला. आमचे वतन हेच, असे म्हणत ते ढाक्याच्या उच्च न्यायालयात गेले. १९७१ मध्ये अज्ञान असलेले आणि त्यानंतर जन्मलेले उर्दूभाषक हे बांगलादेशचेच नागरिक आहेत, असा निकाल मे २००८ मध्ये लागला. मतदार यादीत नावे आली. छावणीतल्या एकेका खोलीत तीन-तीन पिढ्यांचे राहणे मात्र संपले नाही.

उर्दू शाळेत इतिहास शिकवताना सिमला करार एका परिच्छेदात उरकतो. त्या परिच्छेदाला या छावणीचे एक वाक्य जोडायला हवे, असे मला वाटते. ज्या भाषेमुळे ही माणसे परकी ठरली, ती भाषा आमच्या वर्गातली मुले रोज बोलतात.