बंदी कुठे आहे, असे विचारणाऱ्यांना मोटार शर्यतींचा इतिहास

मोटार शर्यतींच्या जगात एक युक्तिवाद मोठ्या प्रामाणिकपणाचा आव आणून केला जातो. "फॉर्म्युला वनमध्ये बायकांना बंदी कुठे आहे? नियम सर्वांना सारखे आहेत. घड्याळ कुणाचे लिंग विचारत नाही. ज्यांच्यात दम असेल त्यांनी यावे आणि जिंकावे." पाठोपाठ आकडे फेकले जातात. १९५० साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून फक्त पाच महिलांची नावे शर्यतीसाठी नोंदली गेली. त्यातल्या दोघीच प्रत्यक्ष शर्यतीत उतरल्या. सगळ्यांचे मिळून गुण किती? अर्धा. १९९२ नंतर तर एकाही महिलेची नोंद नाही.

हे आकडे खरे आहेत. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र खोटा आहे, असे आमचे म्हणणे आहे. आकडा कधीच एकटा बोलत नाही. तो कोणत्या परिस्थितीत तयार झाला, हे विचारल्याशिवाय त्याला पुरावा म्हणायचे नसते. म्हणून आपण आधी इतिहास पाहू.

सुरुवात फ्रान्सपासून करावी लागेल, कारण मोटार शर्यत तिथेच वाढली. १९०१ च्या पॅरिस ते बर्लिन शर्यतीत कामिय द्यू गास्त या महिला चालक उतरल्या आणि ३३ व्या क्रमांकावर आल्या. तेव्हा शर्यती बंद मैदानावर नव्हे, तर गावागावांतून जाणाऱ्या उघड्या रस्त्यांवर होत. १९०३ साली त्या पॅरिस ते माद्रिद शर्यतीत होत्या आणि चांगल्या स्थानावर धावत होत्या. वाटेत एका सहस्पर्धकाची गाडी उलटलेली दिसली. त्यांनी आपली गाडी थांबवली, त्या जखमी माणसाला मदत केली आणि मग पुढे गेल्या. त्यात त्यांचा क्रमांक गेला. त्या शर्यतीत इतके अपघात झाले, इतकी माणसे दगावली की सरकारने ती बोर्दोलाच थांबवली. मेलेल्यांत रेनो कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, मार्सेल रेनो हेही होते.

आता पुढचे पाहा. १९०४ साली द्यू गास्त यांनी पुन्हा शर्यतीत उतरायचे ठरवले, तेव्हा फ्रान्समधल्या शर्यतींच्या कारभाऱ्यांनी महिलांना मनाई केली. कारण काय दिले? बायकांचा स्वभाव घाबरा असतो! भरधाव गाड्यांवरचा ताबा पुरुष चालकांचा सुटला आणि नियम बायकांसाठी झाला. ज्या बाईने शर्यत सोडून एका पुरुषाला मदत केली, तिलाच घाबरट ठरवण्यात आले. "बंदी कुठे आहे?" या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे. बंदी होती, ती लेखी होती आणि तिला शास्त्राचा मुलामा दिलेला होता.

इंग्लंडची गोष्ट याहून वेगळी नाही. १९०७ साली ब्रुकलँड्स येथे खास मोटार शर्यतींसाठी बांधलेला मार्ग सुरू झाला. जमीन लॉक किंग दांपत्याची. नवऱ्याची प्रकृती ढासळली तेव्हा एथेल लॉक किंग यांनी काम पुढे रेटले, माहेरच्यांकडून पैसा उभा केला. उद्घाटनाच्या मिरवणुकीत पुढची गाडी त्यांनीच चालवली. पण त्याच मार्गावर शर्यतीत उतरण्याची परवानगी महिलांना नव्हती. डोरोथी लेविट या तोवर नामांकित चालक होत्या. १९०६ साली त्यांनी ताशी ९० मैलांच्या वर वेग गाठून महिलांचा विक्रम केला होता. त्यांनाही ब्रुकलँड्सने नकार दिला. १९०८ साली फार झाले म्हणून एक 'लेडीज ब्रेसलेट' शर्यत ठेवली. म्युरिएल थॉम्पसन यांनी ती जिंकली. बक्षीस म्हणून हातातला दागिना! आणि त्यानंतर पहिले महायुद्ध संपेपर्यंत तिथे महिलांची शर्यत पुन्हा झाली नाही. कष्ट चालतात, पैसा चालतो, पण बरोबरीची जागा मागितली की नियमाचे पुस्तक उघडते. ही रीत आपल्याला ओळखीची आहे.

बंदी जिथे सैल झाली तिथे काय घडले? एलिश्का युंकोवा यांचे उदाहरण घ्या. चेकोस्लोव्हाकियातल्या या बाई बँकेत नोकरी करत. नवऱ्याच्या हाताला पहिल्या महायुद्धात इजा झाली होती, गिअर बदलणे त्यांना अवघड जाई. म्हणून गाडी यांनी हातात घेतली. १९२८ साली सिसिलीच्या डोंगरातली तार्गा फ्लोरिओ ही शर्यत होती. एक फेरी १०८ किलोमीटरची, अशा पाच फेऱ्या, घाटातली असंख्य वळणे. अंगात ताकद कमी पडेल म्हणता ना? युंकोवांनी आधी जाऊन त्या रस्त्याचा बारकाईने अभ्यास केला, वळणावळणावरच्या खुणा लक्षात ठेवल्या. दुसऱ्या फेरीत त्या त्या काळच्या नावाजलेल्या पुरुष चालकांच्या पुढे होत्या. गाडीने साथ सोडल्यामुळे शेवटी पाचव्या आल्या. त्याच वर्षी जर्मनीतल्या शर्यतीत नवऱ्याचा अपघाती मृत्यू झाला आणि त्यांनी शर्यत सोडली. शर्यतीच्या मार्गाचा असा आधी अभ्यास करणे ही आज प्रत्येक चालकाची शिस्त मानली जाते.

आता येऊ फॉर्म्युला वनकडे. १९५८ साली इटलीच्या मारिया तेरेझा दे फिलिपीस या अजिंक्यपद शर्यतीत उतरणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. बेल्जियममध्ये त्या दहाव्या आल्या. त्यानंतर फ्रान्समध्ये आयोजकाने त्यांना उतरूच दिले नाही. बाईने हेल्मेट घालायचे ते केशकर्तनालयातले, अशा अर्थाचे त्याने सुनावले, हे दे फिलिपीस यांनी स्वतः पुढे सांगितले आहे. म्हणजे नियमात बंदी नव्हती तेव्हाही दारावरचा माणूस होताच.

त्यांच्या नंतर उतरल्या लेला लोम्बार्डी. खाटकाची मुलगी. घरच्या दुकानाचे मांस पोहोचवणारी गाडी चालवता चालवता हात बसलेला. एप्रिल १९७५ मध्ये स्पेनची शर्यत भीषण अपघातामुळे अर्ध्यावर थांबली, म्हणून गुणही अर्धेच दिले गेले. सहाव्या आलेल्या लोम्बार्डींना एकाऐवजी अर्धा गुण मिळाला. ज्या 'अर्ध्या'वरून आज हसू केले जाते, तो अर्धा असा आहे. त्याच वर्षी जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगवर त्या सातव्या आल्या. आपली गाडी वळणावर नीट वागत नाही, अशी तक्रार त्या हंगामभर करत होत्या. लक्ष कोण देणार? पुढच्या हंगामात रॉनी पीटरसन या नामवंत चालकाने तीच गाडी चालवून तशीच तक्रार केली, तेव्हा तपासणी झाली आणि मागच्या सांगाड्यात तडा सापडला. मार्च संघाचे रॉबिन हर्ड यांनीच ही हकिकत पुढे सांगितली. बाईची तक्रार म्हणजे बाईची सबब, पुरुषाची तक्रार म्हणजे तांत्रिक माहिती! घड्याळ लिंग विचारत नसेल, पण गाडी तपासणारा माणूस विचारतो. आणि घड्याळावर उमटतो तो त्या तपासणीचाच परिणाम.

१९९२ ची गोष्ट तर 'गुणवत्ता' या शब्दाची पुरती परीक्षा घेणारी आहे. डबघाईला आलेल्या ब्रॅबम संघात जोव्हाना अमाटी होत्या. तीन शर्यतींत त्या पात्र ठरल्या नाहीत, म्हणून काढल्या गेल्या. त्यांच्या जागी डेमन हिल आले, दोन वेळा जगज्जेते ठरलेल्या ग्रॅहम हिल यांचे चिरंजीव. तेही आल्या आल्या सलग पाच शर्यतींत पात्र ठरले नाहीत. हिल अमाटींपेक्षा वेगवान होते, हे आम्ही मान्य करतो. पण पाच अपयशांनंतरही त्यांना सहावी संधी मिळाली. पुढच्या वर्षी विल्यम्ससारख्या बलाढ्य संघाची गाडी मिळाली आणि १९९६ साली ते जगज्जेते झाले. गुणवत्ता जन्मतः तयार नसते, ती संधीतून घडते, याचे याहून चांगले उदाहरण कोणते? प्रश्न हिल यांना संधी का मिळाली हा नाही. अपयश पचवायची मुभा कुणाला असते आणि कुणाला नसते, हा खरा प्रश्न आहे.

उलट, चांगली गाडी हातात आली तिथे काय झाले? फ्रान्सच्या मिशेल मूतों यांना ऑडीने क्वात्रो ही त्या काळची सर्वांत पुढारलेली रॅलीची गाडी दिली. १९८१ साली त्यांनी इटलीतली सान्रेमो रॅली जिंकली. शेजारी मार्ग सांगणाऱ्या फाब्रित्सिया पोन्स, म्हणजे गाडीत दोघीही महिला. १९८२ साली पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील अशा तीन रॅली जिंकून त्या जागतिक स्पर्धेत दुसऱ्या आल्या. अमेरिकेत शर्ली मल्डाउनी यांनी ड्रॅग शर्यतीच्या सर्वोच्च गटाचे अजिंक्यपद १९७७, १९८० आणि १९८२ असे तीनदा जिंकले. २००१ साली जर्मनीच्या युटा क्लाइनश्मिट यांनी वाळवंटातली डकार रॅली जिंकली. शरीर, स्नायू, धाडस याबद्दलच्या सगळ्या शंकांना ही उत्तरे पुरेशी आहेत.

मग अडते कुठे? पैशात. जॅनेट गथ्री यांनी भौतिकशास्त्र शिकून विमान उद्योगात अभियंता म्हणून काम केले. आपल्या जॅग्वारचे इंजिन त्या स्वतः खोलून जोडत. ज्या इंडियानापोलिसला १९७१ पर्यंत पिटमध्ये बाईला पाऊल टाकता येत नव्हते, तिथे १९७७ साली त्या शर्यतीत उतरल्या. १९७८ साली मनगट मोडलेले असताना नवव्या आल्या. तरीही त्यांची कारकीर्द प्रायोजक न मिळाल्यामुळे संपली. चालक घडतो तो आठ-दहा वर्षांच्या वयात कार्टिंगमधून. तिथून वर प्रत्येक पायरीला घरचा पैसा किंवा प्रायोजक लागतो. बाप पैसा मुलावर लावतो, प्रायोजक पैसा 'खात्रीच्या' माणसावर लावतो, आणि खात्री त्याचीच असते ज्याच्यासारखे आधी कुणीतरी जिंकलेले असते. बंदीचा कागद फाडला तरी हे चक्र फिरत राहते.

इथे आपण स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. या इतिहासातल्या सगळ्या बायका एकाच पायरीवरून निघाल्या होत्या का? नाही. द्यू गास्त श्रीमंत विधवा होत्या, दे फिलिपीस उमराव घरातल्या. लोम्बार्डी खाटकाच्या घरातल्या. 'महिला' म्हटले की सगळ्यांचा प्रवास सारखा, असे मानणे ही समाजशास्त्राची चूक तर आहेच, पण राजकारणाचीही आहे. दार उघडले की आधी त्याच आत जातात ज्यांच्याकडे आधीच काही असते.

म्हणूनच महिलांच्या स्वतंत्र मालिकेचा प्रश्न गंभीरपणे पाहावा लागतो. २०१९ साली सुरू झालेल्या डब्ल्यू सिरीजमध्ये चालकांना स्वतःचा पैसा भरावा लागत नव्हता आणि सगळ्यांना सारखी गाडी होती. जेमी चॅडविक यांनी तिन्ही हंगाम जिंकले. त्याआधी भारतातली एमआरएफ चॅलेंज ही खुली स्पर्धाही त्यांनी पुरुषांना हरवून जिंकली होती. तरी फॉर्म्युला वनची वाट उघडली नाही. मालिका पैशाअभावी २०२२ मध्येच थांबली. २०२३ पासून एफ वन अकॅडमी सुरू आहे. काही जण म्हणतात, वेगळी शर्यत म्हणजे कमीपणा. आम्हाला हे पटत नाही. शंभर वर्षे बाहेर ठेवलेल्यांना सराव, गाडी आणि अपयशाची मुभा देणारी जागा लागतेच. पण ती पायरी असली पाहिजे, मुक्काम नव्हे. वरच्या संघांत जागा राखल्या जात नसतील, तर ती मालिका म्हणजे १९०८ चे ब्रेसलेटच.

२०२४ साली पुण्याच्या डायना पंडोल यांनी राष्ट्रीय कार शर्यतीचे अजिंक्यपद जिंकले. बातम्यांत 'पहिली भारतीय महिला' हे शब्द ठळक होते. अभिनंदन केलेच पाहिजे. पण 'पहिली' या शब्दावर टाळ्या वाजवून थांबू नका. पहिली यायला इतकी वर्षे का लागली आणि दुसरी येण्यासाठी आज कोण किती खर्च करत आहे, हे विचारा. आणि कुणी "या आणि जिंका" म्हणाले, तर त्याला तीन गोष्टी विचारा: गाडी कोणती देणार, सराव किती देणार, आणि हरल्यावर पुन्हा कितीदा बोलावणार? या तिन्हींचे उत्तर आल्याशिवाय गुणवत्तेवरची चर्चा सुरूच होऊ शकत नाही.