आमानो कोळंबीची पिल्लं: घरी खारं पाणी कसं बनवायचं, कसं मोजायचं

अ‍ॅक्वेरियममधलं शेवाळ फस्त करणारी आमानो कोळंबी हौशी मंडळींच्या चांगलीच ओळखीची आहे. मूळची ती जपान-तैवानकडची. शास्त्रीय नाव कॅरिडिना मल्टिडेन्टाटा, आणि रोजचं नाव पडलं ते जपानी छायाचित्रकार आणि टाकी-सजावटकार ताकाशी आमानो (१९५४-२०१५) यांच्यावरून. मादी चार ते सहा आठवडे पोटाखाली अंडी वागवते आणि एका वेळी हजाराच्या वर पिल्लं सोडते. आठ-दहा दिवसांनी बघावं तर टाकीत एकही नाही. माशांनी खाल्ली असं वाटतं, पण मासे नसलेल्या टाकीतही हेच होतं. पिल्लं जन्मतात नदीत, प्रवाहाबरोबर समुद्रात जातात, तिथं वाढतात आणि मग परत नदीकडे येतात. गोड्या पाण्यात ती वाढूच शकत नाहीत. तीन-चार दिवसांच्या आत त्यांना खाऱ्या पाण्यात न्यावं लागतं, म्हणून हे पाणी मादी पिल्लं सोडण्याआधीच तयार हवं.

कोणतं मीठ?

गोंधळ होतो तो इथंच. माशांच्या पिल्लांना खाऊ म्हणून अनेकजण बाटलीत आर्टेमियाची अंडी उबवतात. तिथं स्वयंपाकघरातलं मीठ चालून जातं, कारण काम एक-दीड दिवसाचं असतं. आमानोच्या पिल्लांना मात्र महिना-दीड महिना त्या पाण्यात काढायचा असतो, सारखी कात टाकायची असते. त्यासाठी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही लागतं. खाण्याचं मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. मिठागरातलं खडेमीठ 'समुद्राचंच' म्हणून आणाल तर तेही पुरं पडत नाही: मिठाचे खडे धरतात तेव्हा बरंचसं मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडवट पाण्यातच राहतं. तेव्हा दुकानात समुद्री टाकीसाठी मिळणारं 'मरीन सॉल्ट'च घ्या. महाग वाटतं, पण दहा लिटरला लागतं किती, पाव किलोहून थोडं जास्त.

गोव्यातल्या वाचकांना समुद्राचं पाणीच आणता येईल. मात्र पावसाळ्यात मांडवी-झुआरीच्या मुखाजवळ पाणी बरंच गोडं होतं, म्हणून कोरड्या महिन्यांत मोकळ्या किनाऱ्यावरून आणा, गाळा आणि तरीही मोजाच.

किती मीठ?

खारटपणा 'पीपीटी'मध्ये सांगतात, म्हणजे एक किलो पाण्यात किती ग्रॅम क्षार. समुद्र साधारण ३५. आमानोसाठी बहुतेक हौशी लोक ३० ते ३५ ठेवतात. चमच्यानं मोजू नका. मीठ हवेतला ओलावा धरतं, दाण्याचा आकार बदलतो, चमचा फसवतो. वजन करा. मरीन सॉल्टमध्ये थोडा ओलावा धरून १० लिटरला सुमारे ३३० ग्रॅम घेतलं की ३० च्या आसपास पोचतो. आधी ८ लिटर आरओचं पाणी घ्या, मीठ विरघळवा आणि मग पाणी घालून १० लिटर करा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढणारं औषध घालायलाच हवं. एअर पंप लावून रात्रभर फिरू द्या, दुसऱ्या दिवशी मोजा. पिल्लं असलेल्या भांड्यात सुकं मीठ कधीच टाकू नये.

जास्त खारं झालं तर हिशेब सोपा आहे. १० लिटर पाणी ३६ दाखवतंय आणि हवंय ३०: दहाला छत्तीसनं गुणा, तीसनं भागा, बारा येतात. म्हणजे दोन लिटर साधं पाणी वाढवायचं.

मोजायचं कशानं?

आरओवाल्याकडचं टीडीएस पेन इथं निरुपयोगी. बहुतेक पेनं दहा हजारांच्या आतच थांबतात, आपलं पाणी तीस हजारांचं. तरंगणारा हायड्रोमीटर चालतो: २५ अंशांना १.०२३ च्या जवळ म्हणजे ३०, १.०२६ म्हणजे ३५. काचेवर बुडबुडे चिकटले तर तो वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारं भासतं. घरी दुधाचा लॅक्टोमीटर असेल तर त्याचा २३ चा आकडा म्हणजे हेच १.०२३, पण तो वेगळ्या तापमानासाठी बनवलेला असू शकतो, म्हणून अंदाजापुरताच.

सगळ्यांत बरा रिफ्रॅक्टोमीटर. दोन थेंब पुरतात. आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्य लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. स्वस्तातली बरीच यंत्रं साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असतात आणि समुद्री पाणी ३५ असताना ३६.५ दाखवतात. खात्रीसाठी ३६.५ ग्रॅम खाण्याचं बारीक कोरडं मीठ ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. समुद्री पाण्यासाठी आखलेल्या यंत्रावर या द्रावणाचं रीडिंग ३५ यायला हवं. नाही आलं तर तिथं स्क्रूनं ३५ लावून घ्या. खाण्याच्या मिठाचा या सगळ्या कामात एवढाच उपयोग!

पुढचे दिवस

पहिल्या दिवशी नीट मोजलेलं पाणी पुढे बिघडतं ते बाष्पीभवनानं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. इंदूर-हैदराबादच्या उन्हाळ्यात, त्यातून पंखा चालू असला तर हे झपाट्यानं होतं: ३० चं १० लिटर पाणी ८ लिटर झालं की ३७.५ होतं. भांड्यावर मार्करनं रेघ मारून ठेवा आणि रोज रेघेपर्यंत साधं आरओ पाणी घाला, खारं नव्हे. पाणी बदलताना मात्र तेवढ्याच खारटपणाचं घाला. दोन्हींतली गल्लत फार महागात पडते.

पिल्लं सुरुवातीला डोकं खाली, शेपूट वर करून तरंगतात. साधारण महिन्याभरानंतर एखादं सरळ पोहताना, तळाशी चालताना दिसलं की ते गोड्या पाण्याला तयार झालं. सगळी एकाच दिवशी बदलत नाहीत, म्हणून तयार होतील तशी वेचून वेगळी काढा. वेगळ्या भांड्यात सलाइनच्या नळीनं थेंबथेंब गोडं पाणी सोडत काही तासांत खारटपणा उतरवा. बदललेली पिल्लं खाऱ्या पाण्यात फार दिवस राहिली तर तीही मरतात.