आडोशाच्या शोधात : दूरस्थ मानसोपचाराचा मराठी पूर्वेतिहास

मानसशास्त्रज्ञाशी ठरलेल्या वेळी मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरून बोलणे, म्हणजे आज ज्याला ऑनलाइन समुपदेशन म्हटले जाते ती पद्धत, महाराष्ट्रात घरोघरी पोचली ती २०२० सालच्या टाळेबंदीत, आणि त्यामुळे ती महामारीतून जन्मली असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः मनाचे दुखणे दूरवरच्या जाणत्या माणसापुढे मांडण्याची रीत मराठी समाजात त्याआधी निदान नव्वद वर्षे चालू होती. तिची साधने बदलत गेली, परंतु तिच्यामागची गरज बदलली नाही. भरल्या घरात आणि ओळखीच्या गावात मन मोकळे करायला आडोसा मिळत नव्हता, आणि तो या रीतीने मिळवून दिला.

आडोशाची ही निकड समजण्यासाठी मनोरुग्णालयांचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. नागपूर येथे १८६४ साली, रत्नागिरीस १८८६ साली आणि ठाण्यास १९०१ साली वेड्यांची इस्पितळे उभी राहिली आणि पुण्याजवळ येरवड्याचे इस्पितळही त्यांच्या जोडीला आले. १८५८ च्या व पुढे १९१२ च्या कायद्यानुसार त्यांत दाखल होणे हा उपचारापेक्षा बंदोबस्ताचा भाग होता. परिणामी ‘ठाणे’ आणि ‘येरवडा’ ही गावांची नावे मराठी बोलण्यात टोमणा म्हणून वापरली जाऊ लागली. ज्याला झोप येत नाही, ज्याचे संसारात पटत नाही किंवा जी बाळंतपणानंतर खचली आहे, अशा शहाण्यासुरत्या माणसाला या भिंतींच्या आत जाण्याचे कारण नव्हते, आणि भिंतींच्या बाहेर वैद्य, भगत व घरातील वडीलधारी मंडळी सोडली तर विचारावे असे कोणी नव्हते.

ही पोकळी पहिल्यांदा टपालाने भरून काढली. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले होते. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. कर्वे मानसोपचारक नव्हते, तसा त्यांचा दावाही नव्हता; तरीही वाचकांच्या शंकांना उत्तरे देणारे मासिकातील सदर आजच्या समुपदेशनाशी जवळचे नाते सांगणारे आहे. ज्या प्रश्नाचा उच्चार नवरा बायकोपाशी किंवा मुलगा बापापाशी करू शकत नव्हता, तो पाकिटात घालून मुंबईला पाठवता येत होता आणि त्याचे उत्तर पुढच्या एखाद्या अंकात मिळत होते. विचारणाऱ्याला पापी न ठरवता, सरळ भाषेत आणि माहितीच्या आधारे दिलेले ते उत्तर त्याच अडचणीत असलेले इतर वाचकही गुपचूप वाचत असत, आणि आपल्यासारखे आणखी कोणी आहे हे कळण्यातच निम्मा दिलासा असतो. अशाच उत्तरांवरून कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले आणि लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, असा युक्तिवाद केला. कर्वे यांना दंड झाला. त्या दंडाची रक्कम किरकोळ मानली, तरी खाजगी व्यथेला उत्तर देणे हाच गुन्हा ठरू शकतो, हे त्या निकालाने दाखवून दिले, आणि म्हणून मराठी समुपदेशनाच्या इतिहासात या खटल्याला आजवर मिळाले त्याहून मोठे स्थान मिळायला हवे.

टपालाने केवळ रुग्णांचे प्रश्न वाहून नेले असे नाही. एक संपूर्ण उपचारपद्धतीच त्याने मुंबईत आणली. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी पद्धत मांडली, तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. घडलेली घटना माणसाला थेट दुःखी करत नाही, तर त्या घटनेविषयीचा त्याचा हटवादी समज दुःखी करतो आणि तो समज तपासून बदलता येतो, हे तिचे सूत्र. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी तीन दशकांहून अधिक काळ एलिस यांच्याशी पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि मराठीत रुजवली. या पद्धतीत रुग्णाला गृहपाठ दिला जातो व त्याने आपले विचार कागदावर उतरवून तपासायचे असतात, त्यामुळे ती पत्रातून शिकता आली यात नवल वाटण्याचे कारण नाही.

पत्राला एकच मर्यादा होती, ती म्हणजे काळ. आज रात्री ज्याला जीव नकोसा झाला आहे, त्याला पुढच्या महिन्याचा अंक उपयोगी पडत नाही. योगायोग असा, की कर्वे यांचे निधन १४ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, २ नोव्हेंबरला, लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचे नाव पुढे ‘समॅरिटन्स’ असे पडले आणि जगभरच्या हेल्पलाइनांनी तिचा कित्ता गिरवला. अमेरिकेत नेब्रास्का येथील मनोरुग्णसंस्थेने तर १९५९ मध्येच दुहेरी दूरचित्रवाणीवरून गटोपचार केले होते. महाराष्ट्रात मात्र घरातला फोन बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या कानांसमोर असे, आणि एसटीडी बूथची काच बंद केली तरी डोक्यावरच्या लाल आकड्यांत पैसे चढत असत व बाहेर रांग असे. मन मोकळे करायला यापेक्षा पत्र बरे होते. फोन खऱ्या अर्थाने उपयोगी ठरला तो मोबाइल आल्यावर, म्हणजे तो हातात घेऊन गच्चीवर जाता येऊ लागल्यावर. १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ‘आयपीएच’ ही संस्था आणि देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली सुरू केलेली ‘आयकॉल’ ही सेवा यांनी दूरध्वनीवरील समुपदेशनाला प्रशिक्षणाची शिस्त दिली. ‘आयकॉल’ने तर ईमेललाही उत्तरे दिली, म्हणजे पत्र पुन्हा परतले.

कुटुंबाचा प्रश्न याहून निराळा आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि उपचारात सामील करून घेतले. भारतीय कुटुंबोपचाराची, म्हणजे एका व्यक्तीऐवजी तिच्या नात्यांवर काम करणाऱ्या पद्धतीची, ती एक सुरुवात मानली जाते. तेथे कुटुंबाला रुग्णालयात यावे लागले. आई-वडील सांगलीत, मुलगी पुण्यात आणि मुलगा अमेरिकेत अशा आजच्या कुटुंबाला पडदा एकत्र बसवतो खरा, पण कोण कोणाकडे पाहून गप्प झाले, हे चौकटींत विखुरलेल्या चेहऱ्यांवरून ओळखणे समुपदेशकाला नव्याने शिकावे लागते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला. टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने डॉक्टरांसाठी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने त्याच वर्षी दूरस्थ मानसोपचाराचे नियम मांडले. येथे एक भेद सांगणे आवश्यक आहे : मनोविकारतज्ज्ञ हा औषधे देऊ शकणारा डॉक्टर असतो, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही, बोलण्यातून उपचार करतो, आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. गोपनीयतेच्या हक्कामुळे आणि या नियमांमुळे ऑनलाइन उपचाराच्या पहिल्या भेटीत व्यथेआधी काही रूक्ष वाटणारे प्रश्न येतात. समोरची व्यक्ती या क्षणी नेमकी कोणत्या पत्त्यावर आहे, संकट ओढवल्यास जवळच्या कोणाला फोन करायचा, संभाषण कोणी ध्वनिमुद्रित तर करत नाही ना, आणि खोलीत दुसरे कोणी आहे का, हे विचारून संमती घेतली जाते. शेवटचा प्रश्न मराठी घरात सर्वांत कठीण. टाळेबंदीत दोन खोल्यांच्या घरांतील माणसे इमारतीच्या जिन्यात, उभ्या मोटारीत किंवा नळ सोडून न्हाणीघरात बसून समुपदेशकाशी बोलत होती, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कित्येक जण बोलण्याऐवजी चॅटमध्ये टंकत होते.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. तो फिरवण्यासाठी लागणारा बंद दरवाजा मात्र ज्याचा त्यालाच शोधावा लागतो.