माघारी फिरणाऱ्या विमानांची कुळकथा

25 डिसेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. उलव्याची टेकडी फोडून, नदीचा प्रवाह वळवून जी धावपट्टी तयार झाली, तिच्यावर प्रवाशांचं पहिलं विमान बंगळुरूहून येऊन उतरलं. विमानं घराजवळ आली तशा विमानांच्या बातम्याही जवळच्या वाटू लागल्या. 'तांत्रिक बिघाडामुळे विमान माघारी' ही त्यांतली नेहमीची. वैमानिक याला 'एअर टर्नबॅक' म्हणतात. यातला एक प्रकार मोठा चमत्कारिक असतो. इंजिनं ठणठणीत, टाकीत इंधन पुरेसं, फक्त इंधनाचा काटा भलतंच काही सांगतो, आणि तेवढ्यावरून भरलेलं विमान वाटेतून परत फिरतं किंवा दुसरीकडे उतरतं. काटाच बिघडलाय असा संशय असताना त्याचं ऐकायचं, ही रीत कुठून आली?

सुरुवातीच्या विमानांना काट्याचं फारसं कौतुक नव्हतं. 1927 साली लिंडबर्ग एकट्याने अटलांटिक ओलांडून गेला, तेव्हा वजन वाचवण्यासाठी त्याने रेडिओ, पॅराशूट आणि इंधनाचे काटे तिन्ही घरी ठेवले होते. घड्याळ बघून तो टाक्या बदलत राहिला. आपल्याकडे 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, वाटेत अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. अहमदाबादला त्यांच्या पस मॉथ विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. मोजमापाची कल्पना एवढ्यावरून यावी. पुढे आपल्या फ्लाइंग क्लबांमध्ये वैमानिकांच्या पिढ्या ज्या टायगर मॉथवर शिकल्या, त्या विमानाची टाकी वरच्या पंखात असे आणि टाकीच्या डोक्यावर काचेच्या नळीत तरंगत्याची (फ्लोटची) दांडी दिसे. मान वर केली की इंधन किती ते कळायचं.

टाक्या पंखांच्या पोटात गेल्या आणि हे सुख संपलं. पंखातली टाकी लांबच लांब, पसरट आणि उथळ. विमान जरा कललं की इंधन एका कडेला धावतं आणि तरंगता फसतो. दुसरी अडचण तापमानाची. मे महिन्यात पनवेलच्या उन्हात भरलेलं एक लिटर आणि जानेवारीच्या पहाटे दिल्लीत भरलेलं एक लिटर यांचं वजन सारखं नसतं, आणि इंजिनाला ऊर्जा मिळते ती वजनाच्या हिशेबाने. म्हणून विमानात इंधन वजनाने मोजतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास यावर तोडगा निघाला. एकात एक बसवलेल्या धातूच्या दोन नळ्या टाकीत उभ्या करायच्या. त्यांच्यामध्ये हवा असेल तर विद्युतधारिता एक, इंधन असेल तर साधारण दुप्पट. टाकीभर असे अनेक दांडे लावून त्यांची बेरीज केली की विमान कललेलं असतानाही आकडा बऱ्यापैकी खरा येतो. आजही बहुतेक प्रवासी विमानांत हीच युक्ती चालते, फक्त बेरीज संगणक करतो.

हा हिशेब त्या त्या टाकीच्या आकाराशी बांधलेला असतो. 2005 च्या ऑगस्टमध्ये ट्युनिंटर कंपनीच्या एटीआर-72 विमानात एटीआर-42 चा काटा बसवला गेला. दिसायला सारखाच. सिसिलीजवळ इंधन संपलं तेव्हाही काटा शिल्लक दाखवत होता. विमान समुद्रात उतरवावं लागलं, 39 पैकी 16 जण गेले.

काट्याच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली गोष्ट मात्र कॅनडातली. 23 जुलै 1983, एअर कॅनडाचं नवं कोरं बोइंग 767, माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं. काटे पूर्ण बंद होते, म्हणून पंखाखालच्या मोजपट्टीने टाक्या मोजल्या: 7,682 लिटर. कॅनडा तेव्हा पौंडांतून किलोंत जात होता आणि हे विमान किलोवालं. हिशेबात मात्र गुणक धरला गेला 1.77, म्हणजे लिटरचे पौंड करणारा. हवे होते 22,300 किलो. भरायला पाहिजे होतं वीस हजार लिटरहून थोडं जास्त, भरलं गेलं पाच हजारांहूनही कमी. आणि आकडेमोड दोनदा तपासूनही जुळलीच, कारण दोन्ही वेळा गुणक तोच! हवेत असतानाच इंजिनं बंद पडली. कॅप्टन पिअरसन यांनी ते प्रचंड धूड ग्लायडरसारखं तरंगत आणून गिम्ली इथल्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवलं. तिथे त्या दिवशी मोटारशर्यती चालू होत्या. विमानातले 69 जण वाचले.

तरीही माघारीची रीत पक्की व्हायला माझ्या मते गिम्लीपेक्षा दुसरीच घटना जास्त कारणीभूत आहे. 24 ऑगस्ट 2001 रोजी एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए-330 टोरांटोहून लिस्बनला जात होतं. उजव्या इंजिनाजवळ इंधनाची नळी घासून फुटली होती. त्याआधी इंजिनातल्या तेलाचे विचित्र आकडे दिसल्यामुळे, हा सगळा संगणकाचा घोटाळा असावा, असं वैमानिकांना वाटत होतं. दोन पंखांतल्या इंधनात तफावत दिसली तेव्हा त्यांनी भरलेल्या बाजूचं इंधन रिकाम्या बाजूला सोडलं. म्हणजे चांगल्या टाकीतलंही फुटक्या नळीतून समुद्रावर गेलं. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर विमान जवळपास 19 मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर पोहोचलं. 306 जण बचावले. काटा खरं बोलत होता, पण त्याच्यावर विश्वास बसला नव्हता.

म्हणून आज वैमानिक दोन स्वतंत्र आकडे ताडून पाहतो. टाकीतलं शिल्लक इंधन आणि इंजिनांनी जाळलेलं इंधन यांची बेरीज निघतानाच्या आकड्याएवढी यायला हवी. नाही आली, तर एक तर गळती आहे, नाही तर काटा खोटा आहे. आकाशात बसून यातलं कोणतं, हे दर वेळी ठरवता येत नाही, कारण पंखाच्या पोटात डोकावता येत नाही. जुन्या बजाज चेतक स्कूटरला काटा नव्हता तरी गाडी कडेला घेऊन झाकण उघडता यायचं. 35,000 फुटांवर ती सोय नाही. मग गळती आहे असंच धरून जवळचा विमानतळ गाठायचा.

5 जुलै 2022 रोजी हेच झालं. स्पाइसजेटचं दिल्ली-दुबई बोइंग 737 मॅक्स हवेत असताना डाव्या टाकीतलं इंधन भराभर उतरताना दिसू लागलं. नियमपुस्तकातले उपाय करूनही आकडा घसरतच राहिला, तेव्हा वैमानिकांनी कराची गाठलं. तिथे तपासणीत डाव्या टाकीतून कुठेही गळती दिसली नाही. प्रवाशांना दुबईला नेण्यासाठी दुसरं विमान मुंबईहून पाठवावं लागलं. विमान वाहतूक नियामक डीजीसीएने कंपनीला कारणे दाखवा नोटीस दिली ती त्या काळातल्या एकामागून एक बिघाडांच्या मालिकेबद्दल. वैमानिकांचा निर्णय मात्र बिनचूक होता, असं माझं मत.

खटकतं ते वेगळंच. अशा वेळी प्रवाशांना 'तांत्रिक कारणास्तव' एवढंच ऐकवलं जातं, आणि मग जो तो आपापला तर्क लढवत, घरी फोन करत बसतो. उलव्याहून उडणाऱ्या कंपन्यांनी तरी सरळ सांगावं: इंधनाचा आकडा जुळत नाही, जमिनीवर उतरून टाकी तपासायची आहे, म्हणून परत जातोय. मराठीतून सांगितलं तर आणखी उत्तम.