पंप नसलेलं इंजिन

मिरजेत लहानपणी मी ज्यांच्या दुकानात तासन्‌तास बसायचो, ते गृहस्थ पेट्या दुरुस्त करायचे. हार्मोनियमची पितळी पट्टी ते डाव्या हाताच्या बोटांत धरायचे, नखानं छेडायचे आणि कान देऊन ऐकायचे. सूर चढवायचा असेल तर टोकाशी हलकी कानस, उतरवायचा असेल तर मुळाशी. टोक हलकं झालं की पट्टी जलद हलते, मूळ पातळ झालं की मंद. पुढे चाळीस वर्षांनी मोटारसायकलच्या इंजिनांचा इतिहास गोळा करताना हेच गणित समोर आलं, तेव्हा मला आधी त्या दुकानातला वास आठवला.

इंजिनातल्या या पट्टीला ‘रीड’च म्हणतात. दोन्हींत फरक एवढाच, की पेटीतली रीड आपल्या खाचेतून आरपार झुलते आणि इंजिनातली रीड बैठकीवर टेकून थांबते. म्हणजे ती वाजत नाही, दार लावते. एका बाजूचा दाब वाढला की उघडते, उलटा झाला की स्वतःच्या कमानीनं मिटते. लोहाराच्या भात्यातली चामड्याची झडप हेच काम करते. तिला कुणी उघडत नाही, कुणी मिटत नाही.

या झडपेचा सगळ्यात कुप्रसिद्ध अवतार जून १९४४ मध्ये लंडनवर येऊन आदळला. जर्मनांच्या व्ही-१ या उडत्या बॉम्बच्या तोंडाशी पोलादी पट्ट्यांची जाळी होती. सेकंदाला पंचेचाळीसच्या आसपास स्फोट होत आणि प्रत्येक स्फोटाला त्या पट्ट्या मिटत. लंडनकरांना दुरून ऐकू येणारी ती घरघर याच स्फोटांची. पट्ट्या फार टिकत नसत, पण टिकण्याची गरजही नव्हती. बॉम्ब एकदाच जायचा.

आपल्याकडे रीड माहीत झाली ती टू-स्ट्रोकमुळे. १९८३ साली राजदूत ३५० आली, १९८५ साली यामाहा आरएक्स १००. दोन्हींत कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये रीडचा ठोकळा असायचा. सांगली-कोल्हापूरच्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा, ‘रीड’ म्हटलं की तो आरएक्सच काढणार. आणि फोर-स्ट्रोकमध्ये रीड असते असं म्हणालात तर हसणार. मलाही हसले होते. फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला कॅमनं उघडणाऱ्या झडपा असतात, मग तिथं रीडचं काम काय?

काम दट्ट्याच्या खालच्या बाजूला आहे. आपण सगळे दट्ट्याच्या वर काय घडतं तेच शिकतो. शोषण, दाबण, स्फोट, निकास. पण पाचशे सीसीच्या एकसिलिंडर इंजिनात दट्ट्या खाली येताना खालच्या क्रँककेसमधली पाचशे सीसी हवाही दाबतो, आणि वर जाताना तेवढीच जागा मोकळी करतो. हे प्रत्येक फेऱ्याला होतं, स्फोट मात्र दोन फेऱ्यांत एकदा. मिनिटाला सहा हजार फेरे म्हणजे सेकंदाला शंभर वेळा हा भाता चालतो. हा दाब कुठंतरी जाणार. त्याला वाट दिली नाही, तर तो वाट काढतो.

ते मी पैसे मोजून शिकलो. पस्तिशीत घेतलेल्या माझ्या जुन्या एकसिलिंडर गाडीला तेलाचा पाझर होता. तीन वेळा गास्केटं बदलली. इंजिनाच्या प्रत्येक सांध्यातून पुन्हा तेल यायचं. मेकॅनिक म्हणाला, ही गाडी अशीच असते, खाली पत्रा ठेवा. शेवटी दोष निघाला ब्रीदरच्या नळीतल्या रबरी एकतर्फी झडपेत. ती वाळून दगड झाली होती. आतला दाब बाहेर पडत नव्हता म्हणून तेल ढकलून बाहेर काढत होता. त्या रबराची किंमत गास्केटांच्या एका संचाच्या दशांशही नव्हती.

बहुतेक कारखान्यांनी हा खालचा भाता उपद्रव मानला आणि ब्रीदर लावून मोकळे झाले. स्वीडनमध्ये मात्र त्याला कामाला लावलं गेलं.

हुस्कवार्ना हा कारखाना १६८९ सालचा, मूळचा बंदुकांचा. मोटारसायकली १९०३ पासून. मातीवरच्या शर्यतींत त्यांचं नाव होतं ते फोर-स्ट्रोकमुळेही. १९६० साली बिल निल्सन आणि १९६२, १९६३ साली रॉल्फ टिब्लिन हे पाचशे सीसी गटात त्यांच्या गाडीवर जगज्जेते झाले. १९६४ आणि १९६५ ही जेफ स्मिथ आणि बीएसएची वर्षं. १९६६ साली पॉल फ्रीडरिक्सनं झेक बनावटीच्या सीझेडवर विजेतेपद घेतलं आणि हलक्या टू-स्ट्रोकनं मैदान ताब्यात घेतलं. मधे काहींनी झुंज दिली. टोर्स्टन हालमन आणि स्टेन लुंडिन यांनी यामाहाचं पाचशेचं फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन एचएल ५०० उभी केली आणि बेंग्ट ओबेर्गनं १९७७ ची स्पर्धा तिच्यावर खेळली. पण फोर-स्ट्रोक म्हणजे जड, हा शिक्का काही पुसला गेला नाही.

१९८३ साली, म्हणजे आपल्याकडे राजदूत ३५० आली त्याच वर्षी, हुस्कवार्नानं हलकी, हवेनं थंड होणारी ५१० बाजारात आणली. तिच्यात तेलाचा पंप नव्हता. फोर-स्ट्रोकच्या माथ्यावर कॅम असतो, त्याला तेल पोचलं नाही तर तो झिजून मरतो. म्हणून पंप हा जणू धर्माचाच भाग. इथं तो काढून टाकला होता. खाली येणारा दट्ट्या क्रँककेसमधली हवा आणि तेलाचा फवारा रीडमधून पलीकडे ढकलायचा आणि पुढं कॅमची साखळी तेल वर न्यायची. रहाटगाडगंच म्हणा. दट्ट्या वर गेला की रीड मिटायची, त्यामुळे फेकलेलं तेल परत क्रँककडे यायचं नाही. क्रँकला तेलात घुसळण्याचा त्रास नाही, हाही फायदा. पंप गेला, त्याची चक्रं गेली, वजन गेलं.

ही काटकसर की कल्पकता, यावर वाद घालता येईल. मला ती ओळखीची वाटते. टू-स्ट्रोक बांधणाऱ्या माणसाला क्रँककेस हा पंप आहे हे सांगावं लागत नाही, त्याचं सगळं इंजिनच त्यावर चालतं. हुस्कवार्नाच्या लोकांनी वीस वर्षं टू-स्ट्रोक केल्या होत्या. फोर-स्ट्रोककडे परतताना ते ती सवय सोबत घेऊन आले, असा माझा तर्क आहे. या रचनेची उणीवही तिच्या पोटातच होती. पंप ठरलेल्या मापानं तेल देतो, रीड दाबावर अवलंबून. तेल कमी पडलं, जुनं झालं किंवा पट्टीचं टोक उडालं, तर चालवणाऱ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असे. अशी गाडी शर्यतीच्या माणसाची. तो दर आठवड्याला इंजिन उघडतो. शेतावर जाऊन येणाऱ्याची ती नव्हे.

१९८७ साली इलेक्ट्रोलक्सनं हुस्कवार्नाच्या मोटारसायकली इटलीच्या काजीव्हाला विकल्या. थॉमस गुस्ताफसन आणि काही सहकारी इटलीला गेले नाहीत. त्यांनी स्वीडनमध्येच हुसाबर्ग नावाचा छोटा कारखाना काढला आणि तिथंही सुरुवातीच्या इंजिनांना तेलाचा पंप दिला नाही. इतिहास शर्यती जिंकणाऱ्यांची नावं ठेवतो, म्हणून तीही देतो. १९९३ साली याकी मार्टेन्स हुस्कवार्नावर पाचशेचा जगज्जेता झाला, स्मिथनंतर अठ्ठावीस वर्षांनी प्रथमच फोर-स्ट्रोकवर. त्यानंतर योएल स्मेट्स हुसाबर्गवर १९९५, १९९७ आणि १९९८ साली. यामाहाची वायझेड ४००एफ याच काळात आली आणि सगळं श्रेय घेऊन गेली, हे मला अजून खटकतं.

पंप परत आला. हुसाबर्गनंही पुढं तो बसवला. रीड मात्र गेली नाही. होंडानं २००२ ची सीआरएफ ४५०आर केली तेव्हा इंजिनाचं आणि गिअरचं तेल वेगळं ठेवलं आणि क्रँककेसमध्ये रीड दिली, तेल बाहेर काढायला. रस्त्यावरच्या गाड्यांत तिचा तिसराच उपयोग सुरू झाला, एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडून उरलेला धूर जाळण्याचा. मातीत गाडी चालवणारे ती काढून टाकतात, कारण वेग सोडला की फटाके वाजतात. त्यात फार सांगण्यासारखं नाही.

हुसाबर्ग १९९५ साली केटीएमकडे गेली, हुस्कवार्नाही २०१३ साली त्याच घरात आली. २०२० पासून तिच्या अडीचशे सीसीच्या गाड्या चाकणला बनू लागल्या. पुण्याला जाताना त्यातली एखादी शेजारून जाते.

माझ्याकडे एका जुन्या इंजिनाचा रीडचा ठोकळा आहे. ती चांगली आहे का हे पाहायची रीत मेकॅनिक मंडळींची आहे आणि मलाही तीच येते. पुसून तोंडाला लावायचा, फुंकायचं, हवा सुटली पाहिजे. मग ओढायचं. ओढल्यावर जिभेला पेट्रोलची चव आणि ओठांना घट्ट ओढ लागली, तर ती अजून मिटते.